बाहेरगाव बंद

१

शीतलने कुलूप काढून दार ढकललं तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि आत कुणीतरी बाई बोलत होती. आवाज शांत, स्वच्छ, जराही न दमलेला. "या दूरध्वनीवरून ही सुविधा उपलब्ध नाही," असं ती सांगत होती, मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. दुपारच्या वेळी घरात पाहुणी कोण आली, असा पहिला विचार शीतलच्या मनात आला. दुसरा विचार यायच्या आत तिला पाय दिसले.

शीतल ज्यांना सांभाळायला येत असे त्या रुक्मिणीआजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून फोनच्या टेबलापर्यंत सरपटत आल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांचं शरीर, त्यात डावा पाय वेडावाकडा पडलेला. टेबलावरचा फोन त्यांनी वायरला धरून खाली ओढला होता, आणि त्या पुन्हा पुन्हा आकडे दाबत होत्या. शीतलला बघून त्यांनी रिसीव्हर पुढे केला, जणू तक्रार त्या आतल्या बाईविरुद्धच होती.

"तीन तास हीच बोलता हा," आजी म्हणाल्या. "तुझो फोन लागणा नाय, राजेशचो लागणा नाय, वरच्या ताईंचो लागणा नाय."

पुढचा अर्धा तास कसा गेला ते शीतलला नंतर आठवेना. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत दुपारी माणसं दारं लावून झोपतात, तरी तिच्या ओरडण्याने दोन मजले जागे झाले. रुग्णवाहिका आली, आजी गेल्या, खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. एवढं सगळं झाल्यावर शीतलला वेगळीच गोष्ट खटकली. फोन सकाळपर्यंत ठणठणीत वाजत होता. संध्याकाळचा राजेशदादांचा फोन रोज येत होता. मग बाहेर का जात नव्हता?

आणि दुसरं असं की, ती फार तर गिरणीत आणि औषधाच्या दुकानात जाऊन तासाभरात परत यायला हवी होती. ती तीन तासांनी आली होती.

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी राजेशने लाइनमनला घरी बोलावलं आणि दुपारी शीतलला हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गाठलं. राजेश आजींचा एकुलता एक मुलगा, वय बावन्न, घाटकोपरला राहणारा, विमा कंपनीत अधिकारी. एरवी हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याचे डोळे सुजलेले होते आणि आवाज त्याहून वाईट होता.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लाइनमन म्हणतो की वायर चांगली आहे, फोनही चांगला आहे, पण कुणीतरी फोनवरूनच बाहेर जाणाऱ्या कॉलना कुलूप घातलंय. हे कुलूप ऑफिसातून लागत नाही. त्याच फोनसमोर बसून एक ठरलेला क्रमांक, मग चार आकडी गुप्त क्रमांक आणि शेवटी एक आकडा दाबला की लागतं. गुप्त क्रमांक वडलांनी टेलिफोनच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय आणि ती वही फोनखालच्या खणात असते. दिवसभर त्या घरात असतं कोण? आणि गेल्या शनिवारी खरखर दुरुस्त करायला हाच लाइनमन आला, तेव्हा 'फोन बाहेर जाणं बंद कसं करतात' असं त्याला कोणी विचारलं?

शीतलने विचारलं होतं. ते नाकारायची सोयच नव्हती.

"आजींना कसले कसले फोन येतात दादा, हा नंबर लावा, तो नंबर लावा म्हणून. म्हणून विचारलं. मी तुम्हालाही त्याच संध्याकाळी सांगितलं होतं की कुलूप घालून घ्या."

"हो, तूच सांगितलं होतंस," राजेश म्हणाला. "आणि मग स्वतःच घातलंस. आई फोन करून तुझ्या भटकण्याची चुगली करेल म्हणून. तीन तास कुठे होतीस?"

 देवनारला शीतलच्या मुलीच्या शाळेत बाईंनी बोलावलं होतं. आजींनीच जा म्हणून सांगितलं होतं, पण पेशंटला सोडून जायचं नाही हा तिला इथे कामाला पाठवणाऱ्या ब्युरोचा पहिला नियम, आणि ब्युरोच्या माणिकताई नियम मोडणारीला दुसरं घर देत नसत. हे तिने सांगितलं नाही आणि तिथेच ती फसली. राजेशने सांगून टाकलं की रविवार संध्याकाळपर्यंत ती खरं बोलली नाही, तर तो ब्युरोला कळवेल आणि सोमवारी पोलीस चौकीत जाईल. घराची किल्ली त्याने तिथल्या तिथे मागून घेतली.

"आईलाही सांगितलंय मी," जाता जाता तो म्हणाला. "तुझंच नाव घेत होती सारखं."

हे मात्र तिला लागलं. चौकीची भीती होतीच, पण आजी आता ऑपरेशनच्या टेबलावर आपल्याला शिव्या देत जाणार, ही कल्पना त्या भीतीवरही चढून बसली.

३

इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभाताई राहत. सहासष्ट वर्षांच्या, पैकी चौतीस टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. लोकांनी रेडिओ ऐकला तितका यांनी लोकांच्या तक्रारींचा आवाज ऐकला होता, आणि त्यातून एक खोड लागली होती. माणूस काय सांगतो यापेक्षा काय सांगायचं टाळतो तिकडे त्यांचा कान जास्त. शीतल दारात येऊन रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिला आधी पाणी दिलं, मग रागावल्या.

"रडून काय होणार गं? आधी तीन तासांचं सांग. मला खोटं सांगितलंस तर मी राजेशच्या बाजूने."

शीतलने शाळेचं सांगितलं. ताईंनी शाळेतल्या बाईंचा नंबर घेतला, तिच्यासमोरच खात्री करून घेतली आणि मग कुठे चहा टाकला. त्यांचा विश्वास असा तपासून मिळत असे. शीतलला त्याचा रागही आला आणि धीरही.

शनिवारी सकाळी त्यांनी लाइनमनला चहाला बोलावलं. नितेश त्याचं नाव, तिशीचा, सतत मोबाइलकडे बघणारा. तो घाबरलेला होता, कारण उद्या त्याच्यावरही शेकू शकलं असतं. त्याने बरंच काही भराभरा सांगितलं, पण कामाचं एकच निघालं. गेल्या शनिवारी खरखर काढल्यावर त्याने आजींच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल मारून बघितला होता. त्याने मोबाइल उघडून दाखवला. शनिवार, पाच वाजून दहा मिनिटं. फोन लागला होता.

"आणि काल सकाळी?"

"काल तोच नंबर मारला, तर बाई बोलायला लागली. मी बोललो, लॉक आहे, सिक्रेट नंबर टाकून काढा. बस. कसलं लॉक, किती लॉक, ते मी बघितलं नाही मॅडम."

"किती लॉक म्हणजे?" शीतलने विचारलं.

ताई जरा सावरून बसल्या. कुलपाला पायऱ्या असतात, त्या म्हणाल्या. शेवटी एक दाबलं की सगळं खुलं. दोन दाबलं की बाहेरगाव बंद, गावातल्या गावात चालू. तीन दाबलं की तातडीचे क्रमांक सोडून सगळंच बंद. जुन्या काळी लोक दोन दाबत. पोरं कॉलेजात गेली की बिलं फुगायची, म्हणून आईबाप ही सोय मागायला रांग लावत.

आजींच्या घराची एक किल्ली शेजारधर्म म्हणून ताईंकडे वर्षानुवर्षं होती. दोघी खाली आल्या. ज्या जागी आजी पडल्या होत्या तिकडे शीतलला बघवेना, तर ताई सरळ तिथेच मांडी घालून बसल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या. भिंतीवर शीतलने मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेला कागद होता. शीतल, राजेश, रत्नप्रभाताई, मेडिकल, गाव. गाव म्हणजे आजींचे धाकटे भाऊ, कणकवलीकडचे काशीराममामा. वरचे तिन्ही मोबाइल नंबर शून्याने सुरू होत होते.

"हे शून्य कोणी घातलं?"

"मीच. त्याशिवाय या फोनवरून मोबाइल लागत नाही ना. आजी विसरायच्या, म्हणून लिहूनच ठेवलं."

ताईंनी रिसीव्हर उचलला आणि स्वतःचा मोबाइल लावला. ती शांत बाई बोलली. मग त्यांनी मेडिकलचा नंबर लावला. नाक्यावरच्या त्या दुकानात अजून जुना टेबलावरचा फोन होता, आठ आकडी, शून्य नसलेला. पलीकडून लगेच "बोला" आलं. आजी आपल्या माणसांनाच लावत राहिल्या होत्या, दुकानाला लावायचं त्यांना सुचलंच नसणार. ताईंनी फोन ठेवला, पुन्हा उचलला आणि फक्त शून्य दाबलं. ती बाई परत आली.

"तीन नाही, दोन आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "शीतल, ज्याने हे केलं त्याला आजीचा आवाज बंद करायचाच नव्हता."

४

शीतलला यातलं निम्मंच कळलं, आणि जे कळलं त्याने धीर येण्याऐवजी भीती वाढली. कुलूप शनिवारी संध्याकाळी नव्हतं. रविवारी तिला सुट्टी असते, तेव्हा घरात राजेशदादा आणि त्यांची मुलगी अपूर्वा होती. सोमवारपासून ती स्वतः. राजेशदादांविरुद्ध बोट दाखवायचं म्हणजे ब्युरोकडे परत कधी जायलाच नको.

ताईंनी अपूर्वाला फोन लावला. वीस वर्षांची ती पोरगी आधीच आजीच्या काळजीने अर्धी झाली होती. लँडलाइनला कुलूप असतं हेच तिला नव्याने कळत होतं. रविवारी काय काय झालं, तर काहीच नाही. बाबांनी तिला आजीला घेऊन खाली देवळात जाऊन यायला सांगितलं, त्या गेल्या, आल्या, जेवल्या. बाबा दिवसभर डोकं दुखतंय म्हणत होते.

"बरं, आता तू आठव," ताई शीतलकडे वळल्या. "रविवारनंतर आजींनी कुठे फोन लावला होता का?"

राजेशदादा रोज संध्याकाळी स्वतःच करायचे, त्यामुळे आजींना मोबाइल लावायची वेळच आली नव्हती. पण बुधवारी त्यांनी गावाला लावला होता. लागला नाही. शीतलनेच त्यांची समजूत काढली की गावची लाइन पडलीय, पंधरा दिवस लागतील.

"तुला कोणी सांगितलं लाइन पडलीय म्हणून?"

शीतलला आता आठवलं. सोमवारी सकाळी राजेशदादांनी मुद्दाम फोन करून तिला तसं सांगायला सांगितलं होतं. इतकं साधं बोलणं होतं की ते तिने ऐकलं, आजींना सांगितलं आणि विसरून गेली.

ताईंनी आपला मोबाइल काढला, भिंतीवरच्या कागदावरून गावचा नंबर बघून लावला आणि स्पीकर चालू केला. दोन रिंगमध्ये उचलला. लाइन अगदी खणखणीत होती. पलीकडे एक तरुण बाई होती. मी रुचिरा, काशीराममामांची सून, असं तिने सांगितलं. मुंबईहून, आजींच्या शेजारून बोलतेय म्हटल्यावर ती एकदम आवाज खाली आणून बोलू लागली.

"आत्येंका कळला काय? राजेशदादांनी शपथ घातली हा, कोणी फोन करू नका म्हणान. डॉक्टरांनी सांगलेला ना, आत्येंच्या हृदयाक धक्को नको म्हणान. गेल्या शनवारी रातीच गेले आमचे मामंजी. सोमवारी दहावा हा."

शीतल भिंतीला टेकली. तिला मामा भेटलेले नव्हते, पण दर बुधवारी त्यांचं हसणं रिसीव्हरबाहेर ऐकू यायचं. आजींच्या आयुष्यात त्या घराबाहेरचं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

ताई सांत्वनाचे चार शब्द बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी खणातली वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि फोनवरचं कुलूप काढून टाकलं.

५

रविवारी दुपारी त्यांनी राजेशला घरी बोलावून घेतलं. शीतललाही थांबवलं, आणि शीतल आपल्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मामांचं कळल्यापासून तिला राजेशचा रागही धड करता येत नव्हता. आपली सुटका व्हावी आणि होऊही नये, असं काहीतरी तिच्या छातीत चाललं होतं.

"कबूल झाली का, मावशी?" राजेशने आत येताच विचारलं. तो याच इमारतीत लहानाचा मोठा झाला होता.

"सांगते. त्याआधी या फोनवरून माझा मोबाइल लाव बघू. नंबर पाठ आहे ना तुला?"

राजेशने कंटाळून रिसीव्हर उचलला, दहा आकडे दाबले आणि कानाशी धरला. थोड्या वेळाने त्याने तो ताईंपुढे केला. "बघा. अजूनही लागत नाही. तीन नंबरचं लॉक घातलंय हिने."

"कुलूप मी काल दुपारीच काढलं," ताई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला, आधी शून्य दाबलं, मग तेच दहा आकडे. त्यांच्या पिशवीत मोबाइल वाजू लागला. त्यांनी तो वाजू दिला.

राजेश फोनकडे बघत राहिला. त्याला अजून समजलं नव्हतं, पण काहीतरी वाईट समजणार आहे हे त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"पाचेक वर्षं झाली राजेश, या फोनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य लागतं, मुंबईतला असला तरी. तू मोबाइलवरूनच बोलतोस, तुला कशाला कळणार? शीतलला माहीत आहे. भिंतीवर तिनेच लिहिलंय. तिला आजीचे मोबाइल बंद करायचे असते, तर तिने तीन दाबला असता आणि विषय संपला असता. पण ज्याने कुलूप घातलं त्याने दोन दाबला. बाहेरगाव बंद, मुंबई चालू. त्याला मुंबई चालूच हवी होती. म्हातारीला काही झालं तर तिला मुलाला फोन करता यावा, एवढी काळजी त्याने घेतली होती. फक्त त्याच्या डोक्यात कुलूप होतं तीस वर्षांपूर्वीचं, तेव्हा शून्य म्हणजे परगाव. तू कॉलेजात असताना नागपूरच्या त्या मैत्रिणीशी तासन्‌तास बोलायचास, म्हणून तुझ्या वडलांनी हे कुलूप घेतलं. अर्ज मीच भरून दिला होता. आणि महिन्याभरात तू वहीतला नंबर शोधून काढलास हेही मला माहीत आहे."

राजेश हळूहळू खाली बसला.

"काशीरामांचं मला कळलंय," ताई आता हलकेच म्हणाल्या. "या यादीत बाहेरगावचं दुसरं कोणी नाही रे."

त्याने नाकारलं नाही. मामा गेल्याचा फोन आला त्या रात्रभर तो विचार करत होता, असं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का द्यायचा नाही. आई बुधवारी गावाला फोन लावणार हे ठरलेलं. शनिवारीच शीतल कुलपाचं बोलली होती, ते आठवलं. लाइनमनने लॉक आहे म्हटल्यावर त्याला वाटलं, आपलं तर साधं परगावचं, त्याने मोबाइल अडणार नाहीत, म्हणजे वर आणखी कोणीतरी घातलंय. आणि ते कोण, याचा विचार करायलाही त्याने वेळ घेतला नव्हता.

"मीच," तो म्हणाला. "तीन तास आईला जमिनीवर मी पाडून ठेवलं."

 मग त्याने शीतलकडे बघितलं, आणि ज्याची तिला काल दुपारपासून धास्ती वाटत होती तेच झालं. त्याने हात जोडले. ब्युरोला तो कळवणार नाही, चौकीचा तर प्रश्नच नाही, उलट चांगलं पत्र देईल. फक्त आईला सांगायचं की लाइनमनची चूक झाली. कुलूप कोणी घातलं हे सांगितलं, तर का घातलं हे ती विचारणारच.

 शीतलला नोकरी परत मिळत होती, नाव जवळजवळ परत मिळत होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. आणि आजींच्या हृदयाला खरंच काही झालं तर? ते पाप कोणाच्या माथी?

"दादा, गावची लाइन पडली, हे खोटं मी तुमच्या शब्दावर आजींना सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी सांगितलं. आता दुसरं सांगणार नाही. तुम्ही सांगा. मी बाजूला उभी राहीन."

६

संध्याकाळी डॉक्टरांना विचारूनच ते तिघं आत गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन त्यांनी झेललंय, हळू सांगा, नर्स इथेच थांबेल. शीतलची नजर पलंगाशेजारच्या यंत्रावर नाडीचे ठोके दाखवणाऱ्या हिरव्या आकड्यावर खिळली. तो आकडा शहात्तर होता.

आजींनी आधी तिलाच बघितलं. "इलंस," त्या म्हणाल्या. "ह्यो सांगता तुया फोन बंद केलंस. मी म्हटलंय, नाय. पोरीच्या शाळेक गेल्ली ती."

राजेशने स्टूल ओढलं, आईचा हात धरला आणि सुरुवात केली. फोनचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, शीतलचं काही नाही हे दोनदा सांगितलं. मग मामांचं सांगायला त्याचा आवाज पुरेना. आकडा ब्याण्णववर गेला, मग एकशेचार. नर्स पुढे झाली. आजींनी तिला हातानेच थांबवलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस झाले, शनिवारी रात्री. झोपेत गेले. त्रास काही झाला नाही, आई."

आजी छताकडे बघत राहिल्या. डोळ्यातून पाणी कानाकडे उतरत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. आकडा एकशेआठवर थांबला, मग एकेक करून खाली येऊ लागला.

"बुधवारपासून मी त्येका गाळी घालतंय," आजी म्हणाल्या. "लाइन पडली तर पडली, मेल्यान खंयसून तरी एक फोन करूचो, बहिणीची याद नाय म्हणान. लाद्येर पडान होतंय तेव्हापण घालतंय. आणि तुमी माका घालूक दिलास."

राजेशने त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. आजींनी हात काढून घेतला नाही, पण त्याच्या डोक्यावरूनही फिरवला नाही. काही वेळाने त्यांनी मान वळवून शीतलला जवळ बोलावलं आणि गावाक फोन लाव म्हणून सांगितलं. शीतलने आपला मोबाइल काढला, नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे मामांची बायको आली. दोघी म्हाताऱ्या कितीतरी वेळ नुसत्या रडत राहिल्या, आणि शीतल हात अवघडला तरी फोन धरून उभी होती.